सही करण्याआधी शेवटचं पान वाचा

बरेच दिवसांत इकडे फिरकले नव्हते. आज लिहायला बसले आहे ती जरा रागातच. माझ्यावर घरातल्या घरात आरोप झाला आहे की मी माझ्या पुतणीची परदेशातली नोकरी घालवली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विषयावर साठेक मेसेज पडले. "मराठी माणूस मागे का पडतो" हा ठेवणीतला फॉरवर्डही येऊन गेला. तिथे भांडण्यात अर्थ नाही, एकाला उत्तर द्यावं तोवर खाली तीन गुड मॉर्निंग येऊन पडतात. म्हणून सगळं एकदाच, सविस्तर, इथे लिहिते.

तर झालं असं. पुतणी बीए बीएड, विषय इंग्रजी. टीईटी झाली, टेट झाली, भरतीची वाट बघून झाली. संस्थेच्या शाळेत चिकटायचं तर 'देणगी' किती, हेही चौकशी करून झालं. आणि एवढं करून शिक्षणसेवक म्हणून लागलीच तर माध्यमिकला महिना १८,००० रुपये, तेही २०२३ साली वाढले तेव्हा. त्याआधी ८,००० होते. म्हणजे ही मुलगी परदेशाचं स्वप्न बिप्न बघत नव्हती. तिला शिकवायचं होतं आणि त्याचे बरे पैसे मिळावेत एवढंच म्हणणं होतं. यात तिची काहीही चूक नाही, हे आधीच सांगून टाकते.

एका एजंटमार्फत तिला थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची ऑफर आली. चार पानी करार. तिने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आत्या, जरा नजर टाक ना. तू राहिलीयेस तिकडे. उद्या सही करून पाठवायचाय."

तोपर्यंत सगळ्या घराने त्या करारातली एकच ओळ वाचली होती. पगार २८,००० बाट. दादाने लगेच गुणाकार करून ठेवला होता, महिना सत्तर हजारांच्या वर! वहिनीने बॅगेची किंमत काढली होती.

मी करार शेवटाकडून वाचायला घेतला.

माझं म्हणणं साधं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. करार हा गोडीगुलाबीच्या दिवसांसाठी नसतोच. सगळं छान चाललं असेल तेव्हा कोणी कागद काढून बघत नाही. करार असतो तो भांडणाच्या दिवसासाठी. आजारी पडलात, शाळा बंद पडली, तुम्ही नकोसे झालात किंवा तुम्हाला ते नकोसे झाले, त्या दिवशी काय होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि ते कधीही पहिल्या पानावर नसतं.

आता त्या चार पानांत काय होतं ते सांगते.

मुदत: 'एक शैक्षणिक वर्ष'. तारखा नाहीत. थायलंडचं शैक्षणिक वर्ष साधारण मेच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. मग उन्हाळा, त्यात सोंगक्रान (आपल्या संक्रांतीचाच शब्द, तिकडे एप्रिलमध्ये येतो). म्हणजे 'एक वर्ष' म्हणजे दहा महिने. उरलेल्या दोन महिन्यांत पगार नाही, पण खोलीचं भाडं आहे आणि पोट तर आहेच. महिन्याच्या आकड्याला बाराने गुणणाऱ्या दादासाठी ही पहिली सूचना!

काम: आठवड्याला बावीस तासिका, 'आणि शाळा सांगेल ती इतर कामं'. ही इतर कामं मला चांगली ठाऊक आहेत. सकाळी फाटकावर उभं राहून पोरांचं स्वागत करायचं, आठच्या राष्ट्रगीताला हजर राहायचं, शनिवारी इंग्रजीचं शिबिर घ्यायचं आणि शाळेच्या जाहिरातीसाठी फोटोला उभं राहायचं. यातलं एकही काम वाईट नाही. फक्त शनिवार किती आणि त्याचे पैसे किती, हे लिहिलेलं हवं.

अनामत: पहिले तीन महिने दरमहा ५,००० बाट कापणार, 'वर्ष पूर्ण केल्यावर' परत. पूर्ण म्हणजे पूर्ण. एक आठवडा आधी निघालात तरी गेले.

बाहेर पडणं: शाळा 'काम समाधानकारक न वाटल्यास' केव्हाही काढू शकते. शिक्षकाला मात्र जायचं असेल तर साठ दिवसांची नोटीस, वर ३०,००० बाट दंड. समाधानकारक म्हणजे काय, हे कोण ठरवणार? शाळाच. यालाच आपण लग्नाच्या बोलणीत "मुलाकडच्यांची काही अपेक्षा नाही" असं म्हणतो.

भाषा: इंग्रजी आणि थाई मजकुरात फरक आढळला तर थाई ग्राह्य. बरं, थाई मजकूर कुठे आहे? जोडलेलाच नव्हता. म्हणजे पुतणी सही करणार होती एका कागदावर आणि बांधली जाणार होती दुसऱ्याच कागदाने, जो तिने पाहिलेलाच नाही.

मालक: पहिल्या पानावर शाळेचं नाव. सहीच्या जागी मात्र कुठल्यातरी कंपनीचं. मग नोकरी नक्की कोणाची? पगार कोण देणार? तिकडे वर्क परमिटवर मालक आणि कामाची जागा दोन्ही नोंदलेली असतात. म्हणजे हा प्रश्न कागदी नाही, तुम्ही त्या वर्गात कायदेशीर उभे आहात की नाही, याचा आहे.

आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज टाकल्यासारखं वाक्य: उमेदवाराने पर्यटक म्हणून यावं, व्हिसाच्या कामी शाळा 'सहकार्य करेल'.

इथे मी करार बाजूला ठेवला आणि पाणी प्यायले. कारण हे वाक्य मी याआधी वाचलेलं आहे.

आता जे लिहिते आहे ते दादाही पहिल्यांदाच वाचतो आहे.

२००४ साली मी बँकॉकजवळच्या एका शाळेत शिकवायला गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. हत्तीवरचा फोटो, शाळेतल्या पोरांनी घातलेले जाईच्या कळ्यांचे हार, नदीकाठचं देऊळ... अल्बम प्रत्येकाने दोनदा पाहिला आहे. "काय मजेत वर्ष गेलं हिचं!" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आणि हसते.

माझ्या करारातही शाळा सहकार्य करणार होती. जून गेला, जुलै गेला, "कागद चालू आहेत" म्हणाले. दर थोड्या महिन्यांनी मी रात्रीच्या गाडीने नोंगखायला जायचे, मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये व्हिएन्तियानला, तिथे वकिलातीच्या रांगेत, नवा शिक्का, परत. खर्च माझा, रजा बिनपगारी. वर्क परमिट शेवटपर्यंत आलं नाही. मी वर्गात 'धिस इज अ पेन्सिल' शिकवत होते आणि कायद्याच्या लेखी मी तिथे बेकायदा काम करणारी बाई होते.

फेब्रुवारीत आई आजारी पडली. वर्ष संपायला तीन आठवडे होते. मी शाळेला सांगितलं, जावं लागेल. त्यांनी अतिशय नम्रपणे, हात जोडून, करार दाखवला. अनामत जप्त. चालू महिन्याचा पगार दंडात वळता.

तुम्ही म्हणाल, तक्रार का नाही केलीस? हाच तर मुद्दा आहे! तक्रार कुठे करणार? कामगार कार्यालयात जाऊन काय सांगणार, की मी परवान्याशिवाय आठ-नऊ महिने काम केलं आणि त्याचे पैसे मला मिळाले नाहीत? परमिट नसलं की करारातलं तुमच्या बाजूचं प्रत्येक कलम मुकं होतं. दाद मागायला गेलात की गुन्हा कबूल केल्यासारखंच. शाळेला हे पक्कं माहीत असतं. परमिट रेंगाळत ठेवणं हा दर वेळी आळस नसतो, कधीकधी तो लगाम असतो.

दादा, तेव्हा तिकिटाचे पैसे तू पाठवलेस. मी म्हणाले होते, पगार झाला की देते. तो पगार कधीच झाला नाही. आईच्या आजारपणात हे कुठे सांगायचं म्हणून गप्प बसले, आणि नंतर लाज वाटली म्हणून. शिकलेली बाई, इंग्रजीची शिक्षिका, आणि चार पानं इंग्रजी तिला नीट वाचता आली नाहीत!

म्हणून या प्रकरणात मी स्वतःवरही तितकीच चिडले आहे. परदेशातून परत आलेले आम्ही सगळे फोटो दाखवतो, कागद दाखवत नाही. आणि मग पुढची मुलगी आमचे फोटो बघून सही करते.

असो. आता ग्रुपवरच्या मुद्द्यांकडे वळते, कारण एकेकाला उत्तर देणं भाग आहे.

"स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्ट आहे, सगळे सह्या करतात." छापील असलं म्हणून ते पंचांग होत नाही. तारखा घालायला, थाई प्रत जोडायला, 'सहकार्य करेल' च्या जागी 'करून देईल, खर्च शाळेचा' लिहायला किती वेळ लागतो? ज्यांना द्यायचं असतं ते लिहूनही देतात.

"एवढे प्रश्न विचारले तर त्यांना वाटेल मुलगी भांडखोर आहे." शाळेत शिक्षिका हवी आहे की सून? नेमणुकीआधी पाच प्रश्नांना जी शाळा घाबरते, ती नेमणुकीनंतर कशी वागेल, याचं उत्तर तिने फुकटात देऊन टाकलं असं समजा.

"अनुभव तर मिळेल." हे वाक्य नेहमी तेच म्हणतात ज्यांना तो अनुभव घ्यायचा नसतो. घरमालक भाड्यात अनुभव घेत नाही.

"आपण काही इंग्रज-अमेरिकन नाही, मिळतंय ते घ्यावं." हा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण यात दुखरं सत्य आहे. या धंद्यात पुष्कळदा तुमच्या इंग्रजीआधी पासपोर्ट बघतात. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. थायलंडमध्ये आपल्याला दार उघडं आहे, पण आपल्याकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात आणि बरेचदा त्याच वर्गासाठी पगार कमी देतात. अन्याय आहेच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ज्याच्याकडे पर्याय कमी, त्याने डोळे मिटून सही करायची? उलट त्यानेच जास्त वाचायला हवं. एखादा अमेरिकन पोरगा फसला तर त्याला पुढच्या महिन्यात दुसरी शाळा मिळते. आमची पोरगी कर्ज काढून गेलेली असते. एजंट याच भावनेवर जगतात. नोकरी म्हणजे उपकार आहे असं एकदा मनात बसलं की माणूस उपकाराची पावती मागत नाही.

"तिथला कायदा असेलच की संरक्षणाला." आहे. थायलंडचा १९९८ चा कामगार संरक्षण कायदा आहे आणि त्यात नोकरांकडून अनामत घेण्यावर बंधनंही आहेत. पण खासगी शाळांतल्या शिक्षकांना तो सगळाच्या सगळा लागू नाही, त्यांचे नियम वेगळे आहेत. म्हणजे 'कायदा आहे' एवढ्यावर विसंबू नये. तुमच्या डोक्यावरचं छप्पर म्हणजे तुमचा करार. ते आधी नीट शाकारून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. तिकडे शिक्षकांचे परवाने बघणारी संस्था आहे, तिचं नाव खुरुसफा. म्हणजे आपली गुरुसभा! (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम माहेरचं वाटलं होतं.) ज्या परदेशी शिक्षकाकडे तिथला परवाना नाही, त्याच्यासाठी तात्पुरती, दोन वर्षांची परवानगी शाळेने मागायची असते. खासगी भाषावर्गांची गोष्ट वेगळी, पण हा करार शाळेचा होता. म्हणून माझा एक प्रश्न होता, "गुरुसभेचा अर्ज कधी करणार?" एजंटला गुरुसभा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, करार वाचला की सगळं टळतं का? नाही टळत. जपानमध्ये नोव्हा नावाची इंग्रजी शिकवण्याची प्रचंड मोठी साखळी होती. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ती कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. कित्येकांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, पण ते घरमालकापर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळे पगाराबरोबर घर सोडायचीही वेळ आली. चीनमध्ये २०२१ च्या जुलैत सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि पाहता पाहता तो सगळा धंदाच आटला. चांगल्या करारानेही हे थांबलं नसतं. पण यातून दोन प्रश्न तर शिकता येतात ना? राहायची जागा नोकरीला बांधलेली आहे का? आणि शाळाच बंद पडली तर परतीचं तिकीट कोणाचं?

'पर्यटक म्हणून या' बद्दलही स्पष्टच लिहिते. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय यायची मुभा दिली. फिरायला जाणाऱ्यांची सोय झाली, तशी असल्या एजंटांचीही झाली. २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता: थायलंडमध्ये नोकरी म्हणून मुलांना न्यायचं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावडीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायचं, असं चाललं होतं. मार्च २०२५ मध्ये त्या भागातून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्या नोकऱ्या संगणकाच्या म्हणून सांगितल्या होत्या, शिक्षकांच्या नव्हे, आणि ही शाळा तसली होती असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की कामाला जायचं तर कामाच्या व्हिसावर जा. खरी शाळा इथूनच बी व्हिसा काढता येईल अशी कागदपत्रं पाठवते. मुंबईत थायलंडची वकिलात आहे, ती काही शोभेला नाही.

आणि एजंटसाहेबांनी 'प्रोसेसिंग'चे दीड लाख सांगितले होते. परदेशी नोकरीसाठी माणसं नेमणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्यानुसार सरकारी नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर त्यांची यादी असते आणि त्यांच्या फीला नियमात ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातलेली आहे. नोंदणी क्रमांक विचारला तर ते म्हणाले, "मॅडम, आपलं काम विश्वासावर चालतं." :)

तर, पुतणीने सात प्रश्न लिहून पाठवले. मी नाही, तिनेच. तारखा, बारा महिने की दहा, परमिट कधी आणि खर्च कोणाचा, मालक कोण, थाई प्रत, अनामत, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी का नाही. अतिशय अदबीने लिहिले होते. तासाभरात उत्तर आलं, "इंटरेस्ट नसेल तर दुसरे कँडिडेट आहेत." दुसऱ्या दिवशी ऑफर बंद.

नोकरी घालवली म्हणतात ती ही. सात प्रश्नांनी जी नोकरी जाते, ती नोकरी होती का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिचं वय चोवीस, आणि मी तिच्या हातातली एकमेव वस्तू काढून घेतली असं तिला वाटत होतं.

परवा ती आली. तिने ईशान्येकडच्या, इसान भागातल्या एका शाळेला स्वतःच, एजंटाशिवाय, पत्र लिहिलं होतं. त्यांचा करार आला आहे. पगार २५,००० बाट. दादा ग्रुपवर म्हणाला, "बघा, तीन हजार कमी!" तिने माझ्यासमोर बसून पाकिटाच्या मागे हिशोब केला. २८,००० गुणिले दहा, दोन लाख ऐंशी हजार. २५,००० गुणिले बारा, तीन लाख. अनामत नाही. थाई प्रत जोडलेली आहे, आणि ती दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं तिने स्वतःच ठरवलं आहे. गुरुसभेचा अर्ज शाळा करणार, असं लिहिलेलं आहे. नोटीस मात्र तिला साठ दिवसांची आणि शाळेला तीसच. त्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि विचारलं आहे. उत्तर अजून यायचंय.

तिने अजून सही केलेली नाही. करेल की नाही, ते तिने ठरवायचं, मी ठरवणार नाही आणि ग्रुपनेही ठरवू नये.

दादा, तिकिटाचे पैसे अजून द्यायचे आहेत, ते विसरले नाहीये. आणि तुमच्यापैकी जे कोणी तिकडे, आखातात, कुठेही शिकवून आला असाल, त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी अल्बम काढाल तेव्हा त्यासोबत तो करारही काढा.